परगांवच्या माणसास शहरानें काय द्यावें?

(धानोरा येथें पालकांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



धानाचें चुरणें आटोपलें, बांध्या मोकळ्या झाल्या, आणि आतां कांहीं दिवसांनीं ठेकेदाराची गाडी पहांटेच्या अंधारांत गांवांत येऊन उभी राहील. पोत्यांत तांदूळ, एक गंज, दोन चादरी आणि कडेवर लेंकरूं घेऊन आपलीं माणसें तेलंगणांत मिरची तोडायला जातील. मग मी वर्गांत हजेरी घेईन, नांव वाचीन, आणि उत्तर येणार नाहीं. शेजारचा पोरगा सांगेल, "गुरुजी, तो मिरचीला गेला." गेलीं कित्येक वर्षें माझ्या हजेरीपुस्तकांत माघ-फाल्गुनांत असे रिकामे चौकोन पडत आले आहेत. पोरगा मोहफुलाच्या वेळेस परततो, तेव्हां त्याच्या हातांची आग होत असते आणि पाढे विसरलेले असतात.

आज मला विषय दिला आहे तो असा कीं, पोटासाठीं परगांवाहून आलेल्या माणसाचें शहरानें स्वागत कसें करावें. तुमच्यापैकीं कोणी म्हणेल, "गुरुजी, हा विषय नागपुरास किंवा मुंबईस बोलावा, धानोऱ्याच्या जंगलांत शहराचीं कर्तव्यें कोणाला सांगतां?" माझें म्हणणें उलट आहे. शहरांत जातो तो आपण. काय मागावयाचें हें जाणाऱ्यासच ठाऊक नसेल, तर देणारा आपण होऊन कांहींच देत नाहीं. म्हणून हा विषय आधीं येथेंच बोलला पाहिजे. दुसरेंहि एक कारण आहे. तें शेवटीं सांगेन.

पहिली गोष्ट ही ध्यानांत धरा कीं, शहर हें कोणाच्या बापजाद्यांचें वतन नव्हे. मुंबईच घ्या. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं तेथें पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली व दोन वर्षांनीं गिरणी चालूं झाली. पुढें धुराडीं वाढत गेलीं. त्यांखालीं राबावयास कोण आलें? रत्नागिरीचा कुळवाडी आला, साताऱ्याकडचा शेतकरी आला, ज्याचा हातमाग बसला तो विणकर आला. एकेका खोलींत दहा-दहा गडी पाळीपाळीनें निजत, आणि खाणावळ चालविणारी एखादी बाई त्यांच्या पोटाला घाली. शहरानें त्यांचे हात घेतले. माणूस मात्र उंबऱ्याबाहेर ठेवला.

त्या माणसाला उंबऱ्याच्या आंत घेण्याची खटपट केली ती जोतीरावांच्या अनुयायानें. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, गिरणींत नोकरी केलेले, आणि "दीनबंधु" पत्राचे संपादक. १८८४ सालीं त्यांनीं परळास गिरणीकामगारांची सभा भरविली आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारांत पाठविला. मागणें काय होतें? आठवड्यास एक दिवस सुटी द्या. दुपारीं अर्धा तास भाकर खाऊं द्या. पगार ठरल्या तारखेच्या आंत द्या. कामावर हातपाय तुटला तर पोटाला द्या. १८९० सालीं महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायांनीं उभें राहून भाषणें केलीं, आणि त्याच वर्षीं १० जूनपासून रविवारची सुटी मिळाली. आज ही सुटी सर्वांना जुना शिरस्ता वाटते. ती परगांवाहून आलेल्या माणसांनीं एकजुटीनें मागून घेतलेली आहे, हें विसरूं नका.

शहराला मजुराची किंमत केव्हां कळते? तो निघून गेल्यावर. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईस प्लेग लागला आणि लोक लाखांनीं शहर सोडून गांवीं निघाले. गिरण्यांना माणूस मिळेना. जे मालक महिन्याचा पगार अडवून ठेवीत, तेच नाक्यानाक्यावर रोजच्या रोज मजुरी देऊन माणसें ओढूं लागले! त्या साथींत रोग्यांची सेवा करतां करतां फेब्रुवारी १८९७ मध्यें लोखंडे गेले, आणि पुढच्याच महिन्यांत पुण्यास सावित्रीबाई गेल्या.

मग २०२० साल आलें. मार्चमध्यें टाळेबंदी झाली आणि माणसें पुन्हां लाखांनीं पायीं निघालीं. आपलीं माणसें तेलंगणांतल्या मिरचीच्या शेतांत अडकलीं होतीं. कित्येक जंगलाच्या वाटेनें चालत आलीं, हें तुम्हांस ठाऊक आहे. त्या एप्रिलमध्यें छत्तीसगडांतल्या विजापूर जिल्ह्याची बारा वर्षांची एक मुलगी, याच मिरची तोडणीला गेलेली, तीन दिवस चालून घर जवळ आलें असतां वाटेवरच मेली. बारा वर्षांची, म्हणजे माझ्या सातव्या वर्गांतली. १८९७ पासून २०२० पर्यंत १२३ वर्षें गेलीं. रेल्वे वाढली, विमानें आलीं, हातांत फोन आला. पण परगांवच्या मजुराशीं वागण्याची रीत मात्र शहर शिकलें नाहीं.

आतां मुद्यावर येतों. स्वागत म्हणजे हारतुरे नव्हेत, आणि संकटाच्या दिवशीं वाटलेली खिचडीहि नव्हे. खिचडी वाटणाऱ्याचे उपकार आहेतच. पण दया एका दिवसाची असते, नियम रोजचा असतो. माझ्या मतें शहरानें तीन गोष्टी नियमानें द्याव्या: नोंद, निवारा आणि शाळा.

पहिली नोंद. ज्याचें नांव कोठें लिहिलेलें नाहीं, तो मेला तरी कोणाच्या हिशेबांत येत नाहीं. परराज्यांत नेलेल्या मजुरांसाठीं १९७९ सालीं कायदा झाला. ठेकेदारानें परवाना घ्यावा, मजुराला पासबुक द्यावें, जाण्यायेण्याचें भाडें द्यावें, असें त्यांत होतें. पुढें २०२० च्या कामगार संहितेंत तो कायदा सामील करण्यांत आला. पण तुमच्यापैकीं किती जणांनीं असें पासबुक हातांत धरलें आहे? हात वर करा. पाहा, एकहि हात वर नाहीं! जेथें मजुरीचा हिशेब ठेकेदाराच्या डोक्यांत असतो, तेथें तो त्याच्याच सोयीनें बदलतो.

रेशनची गोष्ट निराळी झाली आहे, ती मात्र नीट समजून घ्या. पूर्वीं रेशनकार्ड गांवच्या दुकानाला बांधलेलें असे. माणूस वेशीबाहेर गेला कीं त्याचा हक्क मागें राही. ऑगस्ट २०१९ मध्यें आंध्र-तेलंगण आणि गुजरात-महाराष्ट्र अशा दोन जोड्यांत परराज्यांत धान्य देण्यास आरंभ झाला, आणि आतां ही सोय सर्व राज्यांत आहे. कार्डाचा नंबर किंवा आधार सांगून, यंत्रावर अंगठा ठेवून, खम्मम जिल्ह्यांतल्या रेशन दुकानांतहि आपलें धान्य मिळतें. कांहीं वांटा गांवीं म्हातारीनें घ्यावा आणि उरलेला तिकडे आपण घ्यावा, असेंहि करतां येतें. म्हणजे येथून तांदळाचें पोतें वाहून नेण्याची गरज नाहीं. दुकानदार नाहीं म्हणाला, तर त्याला हें सांगतां आलें पाहिजे. नोंदीचें बळ तें हेंच.

दुसरा निवारा. परगांवच्या मुलाला जेऊं कसें घालावें व आसरा कसा द्यावा हें शहरांना माहीतच नव्हतें, असें म्हणतां येणार नाहीं. पुण्यास खेड्यांतून आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं असे जेवणाचे वार लावून मिळत. कोणी माधुकरी मागून शिके. त्या रिवाजानें कित्येक गरीब मुलें शिकून मोठीं झालीं. रिवाज चांगलाच होता. वाईट इतकेंच कीं, कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या पोराला त्या पानावर जागा नव्हती. शहराला स्वागत येत होतें. तें आपल्या जातीपुरतें येत होतें.

हें ओळखलें कोल्हापुरच्या शाहू छत्रपतींनीं. त्यांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह उघडलें आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, शिंपी, पांचाळ अशा एकेका समाजाच्या वसतिगृहांस जागा व मदत दिली. खेड्यांतल्या पोराला कोल्हापुरांत प्रथमच हक्काची पथारी मिळाली. याच राजानें १९१८ सालीं गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जातींची पोलिसांपुढली रोजची हजेरी बंद केली, आणि भटक्या फासेपारध्यांना घरें व कामें दिलीं. ज्याला गांव चोर म्हणून हांकलीत होतें, त्याला राजानें पहाऱ्यावर ठेवलें! पुढें कर्मवीर भाऊराव पाटलांनीं आणखी एक पाऊल टाकलें. १९२४ सालीं साताऱ्यास त्यांनीं जें वसतिगृह काढलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत, एकत्र रांधीत आणि एकत्र निजत.

आणि जेथें नियम नसून एकट्याचीच कृपा असते, तेथें काय होतें? तेंहि ऐका. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ति देऊन अमेरिकेस पाठविलें. १९१७ सालीं ते परत येऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. एवढा विद्वान माणूस, पण त्या शहरांत त्यांना कोणी खोली देईना. एका पारशी धर्मशाळेंत नांव लपवून राहावें लागलें, आणि जात कळतांच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं तेथूनहि बाहेर काढलें. राजानें शिष्यवृत्ति दिली, शहरानें खोली दिली नाहीं. एक दार उघडें असून भागत नाहीं, बंधूंनो. आळी उघडी लागते.

आजच्या काळींहि हें होऊं शकतें. केरळांत ओडिशा, बंगाल, आसामकडचे मजूर लाखांनीं जातात. तेथील सरकारनें २०१९ सालीं पालघाटजवळ कंजिकोड येथें "अपना घर" नांवाचें मजुरांचें वसतिगृह उघडलें. त्यांत ६२० जणांची निजण्याची सोय आहे. स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर, संडास सर्व आहे, आणि भाडें मजुराला झेपेल असें आहे. सरकारी कागदांतहि या मजुरांना "अतिथि कामगार" म्हणतात. शब्दानें पोट भरत नाहीं हें खरें. पण पथारीबरोबर मानाचा शब्दहि मिळाला तर माणसाची मान ताठ राहते.

तिसरी शाळा, आणि तीहि मुलाला समजेल अशा बोलीची. याचें उदाहरण पुन्हां कोल्हापुरजवळचेंच आहे. दुसऱ्या महायुद्धांत पोलंड देशांतून हद्दपार झालेलीं सुमारें पांच हजार माणसें, त्यांत बहुतेक बायका व मुलें, १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवडे येथील छावणींत राहिलीं. देश परका, धर्म परका, बोली तर कोणालाच कळेना. तरी त्यांना त्यांच्या भाषेंतल्या शाळा होत्या, देऊळ होतें, दवाखाना होता. तीं मुलें म्हातारीं होईपर्यंत वळिवडें विसरलीं नाहींत. पोलंडच्या राजधानींत आज कोल्हापुरच्या नांवाचें स्मारक उभें आहे. त्यांच्यामागून त्याच जागीं सिंधी निर्वासित आले. त्या वस्तीस आज गांधीनगर म्हणतात, आणि तेथें कापडाची मोठी पेठ भरते. ओझें म्हणून ज्याला पाहिलें, तोच पेठ वसवून बसला!

केरळांतल्या एर्नाकुलम् जिल्ह्यांत २०१७ सालीं परप्रांतीय मजुरांच्या मुलांसाठीं "रोशनी" नांवाचा उपक्रम सुरू झाला. त्यांत मुलांची भाषा जाणणारा माणूस शाळेंत ठेवून, आधीं त्यांच्या बोलींतून आणि मग मल्याळींतून शिकवितात. आपल्या गोंडी बोलणाऱ्या लेंकराला पहिल्या वर्गांत मराठी ऐकून जें वाटतें, तेंच त्या लेंकरांना मल्याळी ऐकून वाटत असणार. मीं स्वतः गोंडीचे चार शब्द बोलूं लागलों, तेव्हां मागच्या रांगेंतलें मूल पुढें येऊन बसलें.

आणि कायदा तुमच्या बाजूचा आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो कीं, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला नाहीं म्हणून शाळा परत पाठवूं शकत नाहीं. दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश द्यावाच लागतो. जेथें जाल तेथल्या शाळेच्या दारांत मुलाला घेऊन उभे राहा. त्याहून बरें म्हणजे मूल येथेंच ठेवा. बीड-जालन्याकडे ऊसतोडीच्या हंगामांत आईबाप बाहेर असतां मुलांसाठीं गांवींच हंगामी वसतिगृहें चालविलीं गेलीं आहेत. ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला जें मिळालें, तें मिरची तोडणाऱ्याच्या मुलाला कां मिळूं नये? ही मागणी आपल्या शाळा व्यवस्थापन समितीनें लिहून पाठवावी. मजकूर मी तयार करून देतों.

येथें कोणी असा अर्थ घेऊं नये कीं सर्वांनीं गांव सोडावें. आपल्या शेजारचें मेंढा (लेखा) पाहा. २००९ सालीं त्या गांवाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून तें गांव आपला बांबू आपण विकूं लागलें. ज्याच्या हातीं गांवांत काम आहे, तो ठेकेदाराच्या गाडींत बसावें कीं नाहीं हें स्वतः ठरवितो. नाइलाजानें गेलेला मजूर पडेल त्या भावानें राबतो. आपखुषीनें गेलेला भाव करतो.

आतां दुसरें कारण सांगतों, जें शेवटासाठीं ठेविलें होतें.

आपण शहर म्हटलें कीं नागपूर किंवा हैद्राबाद डोळ्यांपुढें येतें. पण मुरूमगांव, पेंढरीकडच्या पोरीला धानोरा हेंच शहर आहे! येथें बस थांबते, येथें दवाखाना आहे, दहावीच्या पुढची शाळा आहे, कचेरी आहे. ती येथें परगांवची आहे आणि यजमान आपण आहोंत. चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचीं गांवें वसून किती वर्षें झालीं! त्यांनीं रान मोडून शेती केली, मासळी-भाजीचे बाजार भरविले. त्यांतला नमःशूद्र समाज बंगालमध्यें अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्राच्या यादींत तो नाहीं. आणि त्यांच्या येथें जन्मलेल्या नातवांनाहि आपल्यांतले लोक "बाहेरचे" म्हणतात. मग हैद्राबादचा माणूस आपल्याला बाहेरचा म्हणाला, तर रागवायचें कोणत्या तोंडानें?

माझीच गोष्ट सांगतों. दोन पावसाळ्यांपूर्वीं मुरूमगांवच्या पलीकडून एक गोंड शेतकरी आपल्या दहावी पास झालेल्या मुलीला घेऊन धानोऱ्यास आला. बरोबर तांदळाची थैली होती. पहिल्या घरीं विचारलें, "कोण समाज?" दुसऱ्या घरीं म्हणाले, "आमच्याकडे देव्हारा आहे, तुम्ही मांस-मच्छी शिजवाल." तिसऱ्यानें कांहीं न विचारतां खोली गेली म्हणून सांगितलें, ती खोली पुढें दिवाळीपर्यंत रिकामी होती. मग ते दोघे माझ्या दारीं आले, कारण मी गुरुजी. माझी मागची खोली रिकामी होती. तिच्यांत धानाचीं चार पोतीं होतीं, एवढेंच. मीं त्यांना चहा दिला, आणखी एका घराचा पत्ता सांगितला आणि वाटेला लावलें. मनाशीं म्हणालों, घरांत म्हातारी आई आहे, तिला चालणार नाहीं. आईला मीं विचारलें नव्हतें. तिच्या नांवावर माझा भित्रेपणा खपविला होता.

त्या माघांत ती मुलगी मिरचीच्या गाडींत बसली, असें मला कळलें. त्या रात्रीं मीं आईला सारें सांगितलें. ती म्हणाली, "जात का करतं रे बापू? पोरगी जेवून गेली का उपाशी, थे सांग." मला उत्तर देतां आलें नाहीं. ती चहावर गेली होती.

तेव्हांपासून त्या खोलींतलीं पोतीं हलविलीं आहेत. तेथें यंदा दोन मुली राहतात. दोघी दोन समाजांच्या, आणि चूल एक आहे. पण जी गेली ती कांहीं परत आली नाहीं. सभेंत लोखंड्यांचीं आणि शाहू महाराजांचीं नांवें घेणें सोपें आहे, बंधूंनो. १८७७ च्या दुष्काळांत सत्यशोधकांनीं धनकवडीस बालाश्रम उघडून उपाशी लेंकरांना अन्न दिलें, हें मी वर्गांत शिकवितों. जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला, हेंहि शिकवितों. त्यांनीं दुसऱ्याच्या हौदाचा पत्ता सांगितला नव्हता. आपला हौद उघडला होता. मीं मात्र पत्ता सांगितला.

म्हणून आज दोन वह्या आणल्या आहेत. पहिलींत मिरचीला जाणाऱ्यांनीं लिहावयाचें: नांव, बरोबर कोण, ठेकेदाराचें नांव व फोन, कोणत्या जिल्ह्यांत व गांवांत, मजुरी किती ठरली आणि ती रोकड कीं मिरचींत, रेशनकार्डाचा नंबर, आणि मूल कोणाजवळ राहणार. ठेकेदाराची सही किंवा अंगठा त्याखालीं घ्यावा. जो सही करीत नाहीं, त्याच्या गाडींत कोणीं बसूं नये. एकटा नाहीं म्हणाला तर ठेकेदार दुसरा शोधील. सारी वस्ती नाहीं म्हणाली तर त्याला सही करावीच लागेल. लोखंड्यांचा धडा तो हाच.

दुसरी वही धानोऱ्यांतल्या घरमालकांसाठीं आहे. घर कोठें, खोली किती मोठी, पाणी व संडास आहे कीं नाहीं, भाडें किती, एवढे चारच रकाने त्यांत आखले आहेत. जातीचा रकाना आखलेला नाहीं आणि कोणी आंखूंहि नये. परगांवचीं मुलें जूनमध्यें आलीं कीं ही वही पाहून त्यांनीं खोली निवडावी. पहिल्या ओळींत मीं माझें घर लिहिलें आहे. खालच्या ओळी रिकाम्या आहेत.

सभा संपल्यावर दोन्ही वह्या येथें मेजावर राहतील, आणि दिवा मालवीपर्यंत मी येथेंच बसलों आहें.